टाकीचा ओव्हरफ्लो: दुरुस्ती घरच्या घरी



आज आपण टाकीच्या ओव्हरफ्लोविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे तर प्लंबरचं काम, आमचा काय संबंध? संबंध आहे. टाकी भरली की नाही हे बघायला जिना कोण चढतं? पाणी संपलं तर हंडा कोणाच्या डोक्यावर येतो? भिंतीला ओल आली की त्या भिंतीलगतची धान्याची कोठी कोण हलवतं? मग ज्या वस्तूमुळे हे सगळं होतं, ती कशी चालते आणि बिघडली तर कशी नीट करायची, हे आपल्यालाच ठाऊक हवं. यात जड काम फारसं नाही. बरंचसं काम एक पान्हा, एक पकड आणि एक रबरी वायसर एवढ्यावर भागतं.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं आणि गावोगाव घरात नळ देण्याचं काम सुरू झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं त्या योजनेचं माप आहे. पण नळ आला म्हणून पाणी दिवसभर येतं असं नाही. कुठे दिवसाआड येतं, कुठे दोन दिवसांनी, तेही तास-दोन तास. म्हणून ज्यांना जमलं त्यांनी स्लॅबवर ५०० किंवा १००० लिटरची टाकी बसवली. टाकी बसली, झाकण लागलं, खाली नळाला पाणी आलं, आणि आपण वर बघायचं सोडून दिलं.

तो पाईप कशासाठी असतो?

टाकीला साधारण तीन-चार तोंडं असतात. वरच्या अंगाला एक, त्यातून पाणी आत येतं. तळाजवळ दुसरं, त्यातून पाणी घरात उतरतं. काही टाक्यांना अगदी बुडाशी, टाकी धुतल्यावर घाण पाणी काढायला एक तोंड असतं. आणि वरच्या कडेपासून थोडा खाली, बाहेर उघडा सोडलेला एक पाईप असतो. तोच ओव्हरफ्लो. टाकी गरजेपेक्षा जास्त भरली तर जादा पाण्याला वाट हवी, म्हणून तो ठेवतात. हात धुण्याच्या बेसिनला काठाखाली एक छोटं भोक असतं ना, त्याचं कामही हेच. शहरात काही घरांत अंघोळीचा टब असतो, त्यालाही काठाशी असंच भोक असतं. नळ चुकून चालू राहिला तरी पाणी काठावरून घरात सांडू नये, भोकातून निघून जावं, एवढाच त्याचा हेतू.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू. ओव्हरफ्लोचा पाईप एरवी कोरडा असायला हवा. त्यातून पाणी येतंय म्हणजे तो पाईप बिघडलेला नाही. तो त्याचं काम करतोय, बिघाड दुसरीकडे आहे. पुष्कळ घरांत इथेच गल्लत होते. पाईप टपकतो म्हणून त्याला बूच मारतात, चिंधी कोंबतात, नाहीतर पिशवी बांधतात. टपकणं थांबतं, पण जादा पाण्याची वाटही बंद होते. मग पाणी झाकणाखालून बाहेर पडतं, टाकीच्या बुडाशी साचतं आणि स्लॅबमध्ये मुरतं. स्लॅबमधल्या लोखंडी सळईला ओल लागली की ती गंजते, गंजली की फुगते, आणि खालच्या बाजूनं सिमेंटचे पोपडे पडू लागतात. मातीच्या भिंतीचं घर असेल तर भिंतच खचते. १००० लिटरची टाकी भरली की तिच्यात एक टन वजनाचं पाणी असतं. एवढं ओझं ज्याच्यावर ठेवलंय तो स्लॅब भिजत ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून ओव्हरफ्लोला कधीही बूच मारू नका.

आधी मोजा, मग शोधा

गळणारं पाणी दिसायला थोडं दिसतं, म्हणून आपण "बघू नंतर" म्हणतो. एकदा मोजून बघा. पाणी प्यायचा लहान पेला साधारण २०० मिलिलिटरचा असतो. ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली तो धरा. एका मिनिटात भरला, तर तासाला १२ लिटर पाणी गेलं. नळ तीन तास चालला तर ३६ लिटर, म्हणजे दोन हंडे. आणि ज्या घरी दिवसरात्र पाणी येतं, तिथे दिवसाला २८८ लिटर. माणशी ५५ लिटरच्या हिशोबानं हे पाच माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. तेवढं पाणी गटारात गेलं, आणि गावाच्या टोकाच्या घरी नळाला फक्त हवा आली.

मोजून झालं की पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. तीन जागा आहेत. ओव्हरफ्लोच्या पाईपच्या तोंडातून येत असेल, तर दोष बॉल कॉकचा. पाईप टाकीला जिथे जोडलाय तिथून ओघळत असेल, तर दोष सांध्याच्या वायसरचा. आणि झाकणाखालून येत असेल, तर ओव्हरफ्लोचा पाईप तुंबलाय. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. एकेक घेऊ.

बॉल कॉक नीट करणं

टाकीचं झाकण उघडलं की पाणी आत येतं त्या तोंडाशी एक कॉक दिसेल. त्याला एक दांडी, आणि दांडीच्या टोकाला पोकळ गोळा. कोणी त्याला बॉल म्हणतं, कोणी फुगा. टाकीत पाणी चढतं तसा हा फुगा पाण्यावर तरंगत वर येतो. त्याच्याबरोबर दांडी उचलली जाते, आणि दांडीचं दुसरं टोक आतल्या रबरी वायसरला दाबून पाण्याचं तोंड बंद करतं. पाणी खाली गेलं की फुगा खाली, तोंड उघडं. एवढंच हे यंत्र आहे. वीज नाही, स्प्रिंग नाही.

काम सुरू करायच्या आधी आत येणाऱ्या पाईपवरचा कॉक बंद करा. तसा कॉक नसेल तर ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही, तो दिवस निवडा. मग चार गोष्टी क्रमानं तपासा.

पहिला फुगा. तो आटे फिरवून दांडीवरून काढा आणि कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं तर फुग्याला चीर गेली आहे. पाणी भरलेला फुगा जड होतो, वर येत नाही, आणि कॉक बंद होत नाही. चिकटवत बसू नका. फुगा सुटा मिळतो, तो बदला. नेताना जुना फुगा दुकानात सोबत न्या, म्हणजे आटे जुळतात.

दुसरी दांडी. ती हातानं वर-खाली करून बघा. अडकते का? टाकीच्या भिंतीला किंवा दुसऱ्या पाईपला घासते का? घासत असेल तर कॉक थोडा फिरवून दांडीला मोकळी जागा करून द्या. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी जड असेल तर सांध्यावर पांढरे क्षार साचतात आणि दांडी जाम होते. कॉक काढून चिंचेच्या कोळात किंवा लिंबाच्या रसात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. पितळेची भांडी आपण चिंचेनं घासतो, तसंच हे पितळ. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नका, आपण या टाकीचं पाणी पितो.

तिसरा वायसर. फुगा चांगला, दांडी मोकळी, तरी कॉक थेंब थेंब सोडतोय, तर वायसर झिजलाय किंवा त्याच्याखाली वाळूचा कण अडकलाय. दांडी जिथे कॉकला जोडलेली असते तिथली पिन पकडीनं काढा. आतून छोटा दट्ट्या निघेल, त्याच्या टोकाला काळा रबरी वायसर बसवलेला असतो. त्यावर गोल खाच पडली असेल तर तो बदला. जिथे वायसर टेकतो ती पितळी कड बोटानं चाचपून बघा. गुळगुळीत हवी. कडेलाच खड्डा पडला असेल तर नवा वायसर टिकणार नाही, मग पूर्ण कॉक बदलावा.

चौथी पातळी. पाणी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या दोन बोटं खाली थांबायला हवं. त्याच्यावर जात असेल तर कॉक उशिरा बंद होतोय. पितळी दांडी असेल तर दोन्ही हातांनी धरून, फुग्याकडचं टोक हळूच खाली वाकवा. फुगा खाली गेला की कॉक लवकर बंद होतो. प्लॅस्टिकची दांडी वाकवू नका, तुटते. तिला पातळी बदलायचा स्क्रू असतो, तो फिरवा.

कॉक पुन्हा बसवताना आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप सात-आठ वेढे गुंडाळा. ज्या दिशेनं फिरवून घट्ट करणार, त्याच दिशेनं टेप गुंडाळायची, नाहीतर बसवताना ती निघून येते. शेवटी पाणी सोडून परीक्षा घ्या. फुगा हातानं दाबला की धार यायला हवी, सोडून वर उचलला की धार पूर्ण थांबायला हवी.

सांधा गळत असेल तर

पाईप टाकीला जोडायला जो भाग वापरतात त्याला दुकानात टँक निपल म्हणतात. त्याची एक बाजू टाकीच्या आत, एक बाहेर, मध्ये रबरी वायसर आणि आवळायला चेकनट. टाकी उन्हात राहते, तशी रबर कडक होते, तडकते, आणि तिथून पाणी ओघळायला लागतं.

यासाठी टाकी रिकामी करावी लागत नाही. पाणी ओव्हरफ्लोच्या भोकाखाली गेलं की पुरे. बाहेरचा पाईप सोडवा. एकीनं आतून निपल धरायचं, दुसरीनं बाहेरून चेकनट घड्याळाच्या उलट दिशेनं सैल करायचा. निपल काढा, भोकाची कड आतून-बाहेरून पुसून कोरडी करा. कडेला प्लॅस्टिकचा कचरा चिकटला असेल तर चाकूनं हलकेच काढा. नवे वायसर घाला, निपल बसवा, चेकनट आधी हातानं पूर्ण आवळा आणि मग पान्ह्यानं अर्धा फेरा द्या. त्याहून जास्त जोर दिला तर प्लॅस्टिकचे आटे जातात, नाहीतर वायसर चेमटून बाहेर येतो.

बरेच जण इथे बाहेरून एमसील थापतात. प्लॅस्टिकच्या टाकीच्या अंगाला ते नीट धरत नाही. काही दिवस थांबतं, मग पापुद्र्यासारखं सुटतं. वायसर बदलणं हाच खरा उपाय.

पाईप तुंबला असेल तर

पाईपच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते, पाखरं काड्या आणतात, पानं अडकतात. पाईप सोडवून खाली आणा, लांब काठीला किंवा जाड तारेला चिंधी बांधून आरपार साफ करा आणि धुऊन पुन्हा लावा. जागेवरच काठी घालून ढोसलं तर घाण टाकीत पडते.

लावताना तीन गोष्टी बघा. पाईपला बाहेरच्या बाजूला उतार हवा. पाईप आत येणाऱ्या पाईपपेक्षा एक माप मोठा हवा. येणारा अर्धा इंची असेल तर ओव्हरफ्लो निदान पाऊण इंची, नाहीतर येणारं पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होतं. आणि त्याचं तोंड कोणत्याही सांडपाण्याच्या पाईपला किंवा गटाराला जोडलेलं नको. जोडलं तर तिथून झुरळं आणि घाण हवा वर चढते, आणि पाणी वाया जातंय हेही कळत नाही. ते तोंड उघडं, आणि स्वयंपाकघरातून किंवा अंगणातून दिसेल, पाणी पडलं की ऐकू येईल अशा जागी असावं. तिथे खाली एखादी केळ किंवा अळू लावलं तर ठीक, चिखल होत नाही. पण केळीला पाणी मिळतंय म्हणून बॉल कॉक तसाच गळू द्यायचा नाही. केळीला भांडी घासलेलं पाणीही चालतं.

मोटारीनं टाकी भरत असाल तर

वर सांगितलेला बॉल कॉक गावाच्या नळाच्या पाण्यासाठी आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या मोटारीच्या पाईपला तो लावू नका. टाकी भरली की कॉक बंद होतो, पण मोटार ढकलतच राहते. पाईपचे सांधे सुटतात आणि मोटार तापते. मोटारीच्या टाकीला ओव्हरफ्लोचा आवाज हीच सूचना. विसर पडत असेल तर माहीतगार वायरमनकडून फ्लोट स्विच लावून घ्या, टाकी भरली की मोटार आपोआप बंद होते. विजेचं हे काम मात्र आपण करायचं नाही. आणि एकाच टाकीत नळ आणि मोटार दोन्ही असतील तर दोघांची तोंडं वेगळी ठेवा.

आपली टाकी आणि गावाचं पाणी

पाणी आत येतं ते तोंड नेहमी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या वर हवं. कारण सोपं आहे. पाणी यायचं थांबलं की गावाच्या पाईपमधलं पाणी उताराकडे निघून जातं आणि मागे ओढ तयार होते. आपल्या पाईपचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर ती ओढ टाकीतलं पाणी गावाच्या पाईपमध्ये खेचते. टाकीत पाल पडली असेल, तळाला गाळ असेल, तर ते सगळं शेजाऱ्यांच्या हंड्यात जातं. तोंड पाण्याच्या वर असेल तर नुसती हवा ओढली जाते. काही जण पाणी पडल्याचा आवाज नको म्हणून बॉल कॉकला लांब नळी जोडून ती टाकीच्या तळापर्यंत सोडतात. ती काढून टाका. ओव्हरफ्लो मोकळा असला की पाणी त्याच्या वर चढत नाही, आणि आत येणारं तोंड आपोआप हवेत राहतं. एका घरचा पाईप नीट असणं ही अशी साऱ्या गल्लीची गोष्ट आहे.

जाळी आणि कोरडा दिवस

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. उघड्या ओव्हरफ्लोमधून तो टाकीत शिरतो, आणि खाली साचलेल्या डबक्यातही अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य सेविका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी काही महिने तग धरतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून चालत नाही, कड घासावी लागते.

ओव्हरफ्लोच्या बाहेरच्या तोंडाला मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा तुकडा लावा आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधा. कापड बांधू नका. ते धुळीनं भरतं, ओलं होऊन घट्ट बसतं आणि पाईप तुंबतो. तोंडाला एल्बो लावून ते खाली वळवलं तर पाऊस आणि पाखरं दोन्ही आत जात नाहीत.

एकटीनं करू नका

वर चढताना दोघी असा. एकीनं शिडी धरायची. कठडा नसलेल्या स्लॅबवर टाकीकडे तोंड करून काम करा, कडेकडे पाठ करून मागे सरकू नका. मोटार असेल तर मेन स्विच बंद करूनच वर जा. पावसात, ओल्या शेवाळावर चढू नका. आणि टाकीत उतरू नका. यातल्या कोणत्याही कामाला आत शिरावं लागत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक विषय मांडून बघा. एक स्क्रू पान्हा, एक पकड, एक स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, अर्धा आणि पाऊण इंची वायसर आणि थोडी जाळी, एवढं सामान एका डब्यात गटाच्या नावानं ठेवायचं. प्रत्येकीनं वेगळं घ्यायची गरज नाही. ज्या दोघींना हे काम आधी जमेल त्यांनी बाकीच्यांना आपापल्या टाकीवर दाखवायचं. पहिल्या दुरुस्तीला दोन तास लागतील, तिसरीला अर्धा तास पुरेल.

येत्या कोरड्या दिवशी वर चढून तीन गोष्टी बघून या: पाणी ओव्हरफ्लोच्या खाली दोन बोटं थांबतंय का, पाईप मोकळा आणि जाळी लावलेला आहे का, आणि टाकीखालचा स्लॅब कोरडा आहे का. तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर झाकण घट्ट लावा आणि खाली या. एखाद्याचं "नाही" असेल, तर काय करायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.